मातीतला गुडघा

भाईंदर पश्चिमेला कबड्डी खेळताना माझा गुडघा निकामी झाला, तेव्हा मला कुणी पकडलेही नव्हते. चढाईतून परतताना वळलो. पाऊल मॅटलाच खिळून राहिले आणि आत काहीतरी 'टक्' वाजले. लहानपणी तांबड्या मातीत, अनवाणी खेळताना पाऊल घसरे. सोलवटायचे ते कातडे. बुटाच्या रबरी तळव्याने ती घसरण हिरावून घेतली आणि वळण्याचा सारा पीळ गुडघ्यातल्या अस्थिबंधावर आला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचलेला हा खेळ पुढे मॅटवर गेला, याविषयी माझी तक्रार नाही. (मातीचे गहिवर काढणाऱ्यांत मी नाही.) बैठका आम्ही शेकड्यांनी मारल्या, पण मांडीच्या मागचे स्नायू बळकट करावेत, उडीनंतर गुडघे वाकवून उतरावे, हे आमच्या मर्दुमकीच्या कल्पनेत बसत नव्हते. सुजलेल्या गुडघ्यावर पट्टा आवळून मी पुढचा सामनाही खेळलो. टाळ्या मिळाल्या.