फक्त सहा

ऑलिंपिक आलं की पंधरा दिवसांत आपल्याला सगळं कळायला लागतं. एरवी ज्यानं भाला जत्रेतल्या मिरवणुकीपलीकडे पाहिलेला नाही तो भाला सोडण्याच्या कोनावर बोलतो. ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा, हे आमच्या सोसायटीत १ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी लहानथोरांना पाठ झालं होतं, कारण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये फायनल खेळत होता. ४५१.४ गुणांवर त्याचं ब्राँझ पक्कं झालं आणि 'खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक' ही ओळ संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोनवर येऊन गेली. या पंधरवड्याच्या पांडित्याची मला चेष्टा करायची नाही. मला ते आवडतं. लोक आपल्या मुलांना झोपेतून उठवून तिरंदाजी दाखवतात, यात वाईट काय आहे?

गडबड होते ती नंतर. स्पर्धा संपते, मंडळी हिशेब मांडायला बसतात आणि पंधरा दिवसांत कमावलेलं ज्ञान कुठच्या कुठे जातं. मग दोनच आकडे उरतात. पदकं सहा, लोकसंख्या १४० कोटी. 'फक्त सहा' म्हणताना 'फक्त'वर जो जोर येतो, त्याला निकालानंतर मार्कशीट हातात घेतलेल्या बापाचा सूर असतो.

या भागाकाराचा मला मनापासून कंटाळा आहे. पॅरिसला १४० कोटी गेले नव्हते, ११७ जण गेले होते. कुस्तीच्या एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो. देश चीन असो की मंगोलिया. म्हणजे एका मर्यादेनंतर माणसं नुसती जास्त असून भागत नाही. तसं भागत असतं तर आपल्या शेजारच्या बांगलादेशाला आजवर एक तरी पदक मिळालं असतं. उलट सेंट लुशिया नावाच्या बेटावर पावणेदोन-दोन लाख लोक राहतात. आपल्या एकट्या कोल्हापूर शहरात असे दोन-तीन देश सहज मावतील. तिथल्या ज्युलियन आल्फ्रेडनं पॅरिसला महिलांची १०० मीटर शर्यत जिंकली. भागाकारानं यातलं काहीच उलगडत नाही.

पदकतालिकेचं गणित त्याहून गमतीदार आहे. टोकियोत सात पदकं, क्रमांक ४८. पॅरिसमध्ये सहा, क्रमांक ७१. पदक एक कमी झालं आणि आपण २३ पायऱ्या घसरलो, कारण तालिका आधी सोनं मोजते आणि आपल्याकडे ते नव्हतं. पाकिस्तानला सबंध स्पर्धेत एकच पदक मिळालं, पण ते सोन्याचं. त्यामुळे ते ६२व्या स्थानावर, आपल्या वर. ऑलिंपिकच्या सनदेत स्पष्ट लिहिलं आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. पण सनद वाचून कोण मॅच बघतं?

ते पाकिस्तानचं सोनं आणि आपलं रुपं एकाच रात्री ठरलं. ८ ऑगस्टला अर्शद नदीमनं दुसऱ्याच फेकीत भाला ९२.९७ मीटरवर नेला आणि ऑलिंपिकचा विक्रम मोडला. नीरज चोप्राची एकच फेक वैध ठरली, ८९.४५ मीटर. बाकीच्या पाच फाउल. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता: सोनं हुकलं, रौप्यावर समाधान. आता टोकियोचा आकडा शेजारी ठेवा. तिथे ज्या फेकीनं सोनं मिळालं आणि आपण पेढे वाटले, ती ८७.५८ मीटरची होती. म्हणजे पॅरिसला नीरजनं, तेही मांडीच्या दुखण्यासह, स्वतःच्या सोन्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब भाला टाकला. कामगिरी वाढली आणि पदक उतरलं. दुसरा माणूस काय करणार हे आपल्या हातात नसतं, एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र दुसऱ्याच्या फेकीवरून आपल्या माणसाला गुण दिले. त्याच्या आईनं, सरोजदेवींनी, सोनं जिंकलेलाही आपलाच मुलगा आहे असं सांगून टाकलं. त्या रात्री सीमेच्या दोन्ही बाजूंना जेवढे विश्लेषक बोलले, त्या सगळ्यांत मला त्याच शहाण्या वाटल्या.

खेळाडूला त्याच्याच आकड्याशेजारी उभं करायचं, ही पद्धत दयाळू आहे असं कुणाला वाटेल. तशी ती नाही. कधी ती पदकतालिकेपेक्षा कडक ठरते. मीराबाई चानू पॅरिसला एका किलोनं ब्राँझला मुकली. तिनं १९९ किलो उचलले, ब्राँझ २०० ला गेलं. हळहळ वाटायचीच. पण टोकियोत तिनं २०२ उचलले होते. त्या दिवशी तिला थायलंडच्या मुलीनं मागं टाकलं खरं, तरी ती आधी तीन वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या मागं राहिली. बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन पहिला गेम २१-१३ असा घेऊन ब्राँझची लढत हरला, तेव्हा त्याला तयार करणाऱ्यांतलेच प्रकाश पदुकोण जाहीरपणे म्हणाले की सरकारनं, संघटनेनं करायचं ते केलं, आता जबाबदारी खेळाडूंनी घ्यावी. अश्विनी पोनप्पाला ते झोंबलं; जबाबदारी प्रशिक्षकांचीही असते की, असं तिचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं. अशी भांडणं घरच्या माणसांतच व्हावीत. त्यात निदान खेळाबद्दल बोलणं असतं.

पॅरिसमध्ये आपण सहा वेळा चौथे आलो. चौथा क्रमांक ही आपली जुनी ठसठस आहे आणि त्याबद्दल रडायला आपल्याला आवडतं, हे मी जरा धीटपणे लिहितो. पी. टी. उषाची लॉस एंजेलिसची शर्यत घ्या. १९८४, ४०० मीटर अडथळा. ब्राँझ घेणाऱ्या रुमानियाच्या कोयोकारूची वेळ ५५.४१ सेकंद, उषाची ५५.४२. सेकंदाचा शंभरावा भाग. चाळीस वर्षं आपण त्या शंभराव्या भागाची गोष्ट सांगतो आहोत. छाती थोडी पुढे टाकली असती तर, अमुक झालं असतं तर. पण त्या ५५.४२ चं पुढे काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. भारताच्या दुसऱ्या कुठल्याही मुलीला त्या आकड्यापर्यंत पोचायला २०२३ साल उजाडावं लागलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विथ्या रामराज नेमकी ५५.४२ मध्ये धावली. बरोबरी झाली, विक्रम काही मोडला नाही. ३९ वर्षं! मिल्खासिंगांची गोष्टही तीच. रोमला १९६० साली ते चौथे आले, मागं वळून बघितलं की नाही यावर पिढ्या भांडल्या, पण ४०० मीटरचा त्यांचा राष्ट्रीय विक्रम १९९८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा दोष नशिबाला देता येतो. ३९ वर्षांचा कुणाला देणार? तिथे मैदानं येतात, शाळेतले पीटीचे तास येतात, दहावीला मुलीचा खेळ बंद करणारे आपण येतो. म्हणून ते आकडे काढून कुणी बोलत नाही.

उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत फायनलला पात्र ठरणारी पुढची भारतीय मुलगी आपल्या माण तालुक्यातली निघाली. ललिता बाबर, रिओ, २०१६, ३००० मीटर स्टीपलचेस. मधे ३२ वर्षं. पात्रता फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि फायनलला दहावी आली. रिओचं नाव काढलं की पदकं आणणाऱ्या सिंधू आणि साक्षी आठवतात, आठवायलाच हव्यात. पण माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून निघून जगात दहावं येणं हे पदकाच्या खात्यात शून्य धरलं जातं, हे मला अजून पचत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच शर्यतीत पॅरिसच्या फायनलला पोचला, असा पहिला भारतीय पुरुष, आणि अकरावा आला. आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'अकरावा म्हणजे काय, शेवटून मोजायचं का?' आता साबळेला त्याच्याच फूटपट्टीनं मोजू. महिनाभर आधी पॅरिसलाच डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला होता, फायनलला ८:१४.१८ लागले. म्हणजे त्या दिवशी तो स्वतःपेक्षा चार सेकंद कमी पडला. टीका करायची तर इथे करा, जागा आहे. पण ती करायला त्याचा आधीचा आकडा ठाऊक असावा लागतो, आणि तो ठाऊक असणाऱ्या माणसाला शेवटून मोजावंसं वाटत नाही.

यावर नेहमी एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: पैसा आमचा आहे, मग आम्ही विचारायचं नाही का? पॅरिसच्या तयारीवर सुमारे ४७० कोटी रुपये सरकारनं खर्च केले. विचारायलाच हवं. फक्त पैसे घालणाऱ्यानं कसं विचारावं याचा एक जुना दाखला आपल्याच भागात आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. त्याच ऑलिंपिकला हॉकीच्या संघानं सोनं आणलं होतं, देशाचं लक्ष तिकडे होतं. पण कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती खाशाबांची. ज्यांचे पैसे गुंतले होते त्यांनी गाड्या जुंपल्या. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून, त्यांत स्वतः उतरून प्राचार्यांचं कर्ज फेडायला हातभार लावला. आणि स्वतंत्र भारताचं दुसरं वैयक्तिक पदक यायला लिअँडर पेसच्या १९९६ पर्यंत, ४४ वर्षं लागली. पैसे घातलेल्या माणसानं विचारायचा प्रश्न तिथे होता: एवढा वेळ का लागला? तो विचारणाऱ्यांची संख्या बैलगाड्यांएवढीही नसावी.

पॅरिसच्या दहा महिने आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपण १०७ पदकं घेतली होती. 'अब की बार सौ पार' ही घोषणा होती आणि ती खरी झाली. मग दहा महिन्यांत १०७ ची सहा कशी झाली, असा सवाल पुष्कळांनी केला. उत्तर फार गूढ नाही. तिथे कबड्डी होती, क्रिकेट होतं, स्क्वॉश होतं, आणि कंपाउंड तिरंदाजी होती, ज्यात नागपूरच्या ओजस देवतळेनं एकट्यानं तीन सुवर्णपदकांत वाटा उचलला. पॅरिसमध्ये यातलं काहीही नव्हतं. तिथल्या ३२९ सुवर्णपदकांपैकी ८३ ट्रॅक अँड फील्ड आणि पोहण्याची होती, आणि पोहायला आपले दोघेच गेले होते. बीड-धाराशिवच्या पोरानं पोहणं शिकायचं कुठे, हा प्रश्न उन्हाळ्यात तिथली विहीर बघून स्वतःला विचारावा.

बाकी पॅरिस खरं तर ऑगस्टमध्ये संपलंच नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच शहरात पॅरालिंपिक चालू होतं आणि आपल्या लोकांनी २९ पदकं घेतली, त्यात सात सोन्याची. सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य मिळवलं. पण हिशेबाची बैठक आधीच उठली होती. लोक गणपतीच्या तयारीत होते.

२०२५ च्या सप्टेंबरात टोकियोत जागतिक मैदानी स्पर्धा झाली. १८ तारखेला भालाफेकीची फायनल होती. चार वर्षांपूर्वी याच शहरानं नीरजला सोनं दिलं होतं. या वेळी त्याची पाठ धरलेली होती, ८४.०३ मीटरवर तो आठवा राहिला, अर्शदही दहावा. बातम्यांचे मथळे अर्थातच नीरजचे होते. त्याच रात्री बागपतच्या सचिन यादवनं पहिल्याच जागतिक स्पर्धेत ८६.२७ मीटर भाला टाकला. आयुष्यातली सर्वोत्तम फेक, नीरजच्या दोन मीटर पुढे, आणि ब्राँझ अवघं ४० सेंटिमीटर लांब. चौथा. आमच्या ग्रुपवर नीरजचं वय झालं का यावर बराच वेळ चर्चा चालली. मी सचिनचा आकडा टाकला. थोड्या वेळानं एकानं विचारलं, 'हा कोण?' दुसऱ्यानं सांगितलं, आधी क्रिकेट खेळायचा म्हणे, फास्ट बोलर. त्यावर गोष्ट बुमराकडे गेली, कारण आशिया चषक चालू होता आणि येत्या रविवारी पाकिस्तानशी मॅच होती.