पहाटे उठणाऱ्यांचा जिल्हा

पहाटे पाचला उठल्याने माणूस पुढे जात असता, तर भंडारा जिल्हा महाराष्ट्रात सगळ्यांच्या पुढे असता. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला निघालेल्या बाया तोवर गावाबाहेर पोचलेल्या असतात. फुले रात्रीतून गळतात. ऊन चढायच्या आत टोपलीत आली नाहीत, तर गुरे आणि हरणे त्यांचा फडशा पाडतात. वनविभाग मात्र हंगाम आला की नेमके उलटे बजावतो: अंधारात जंगलात जाऊ नका, एकटे तर मुळीच जाऊ नका. मोहावर अस्वलाचाही डोळा असतो, आणि वाघाचे भय वेगळेच. रॉबिन शर्मा यांच्या ‘द फाइव्ह एएम क्लब’ (२०१८) या पुस्तकात पहाटेच्या त्या तासाची वाटणी करून दिली आहे: वीस मिनिटे व्यायाम, वीस मिनिटे चिंतन, वीस मिनिटे शिक्षण. साकोलीकडच्या रानात त्या तासात माणूस वाकून फुले वेचतो आणि दर थोड्या वेळाने झुडपांकडे बघतो. व्यायाम आणि चिंतन दोन्ही एकदमच उरकतात म्हणायचे.

प्रस्तुत लेखकाचा या विद्येशी संबंध आला तो एका अभ्यासिकेमुळे. तालुक्याच्या गावी पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरे जिथे बसतात, तिथे तो संध्याकाळी गणित शिकवायला जातो. तिथल्या भिंतीवर तक्तेच तक्ते. साडेचारला उठणे, पाच ते सहा धावणे, सहा ते दहा अभ्यास, आणि तळाशी लाल स्केचपेनने लिहिलेले ‘नो एक्स्क्यूज’. मोबाइलवर सूटबूट घातलेले वक्ते हेच सांगत असतात: तुम्ही मागे आहात, कारण तुम्ही झोपला होता. मुलांशी बोलायचे तर त्यांचे शास्त्र आपल्याला ठाऊक हवे, म्हणून लेखकाने ती पुस्तके आणून वाचली. त्यातल्या काही पद्धती स्वतःवर चालवूनही पाहिल्या.

त्यातली टोमॅटोची पद्धत त्याला आवडली. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवून ती बसवली. पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे सुट्टी. उत्तरपत्रिका तपासताना ती खरोखर कामी येते. अट एकच, दार लावून घेता आले पाहिजे. अभ्यासिकेतल्या एका मुलीला त्याने हे उत्साहाने सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “सर, आमच्या घरी दाराले पडदा आहे.” तिची आई विड्या वळते, हजारावर मजुरी घेते. सूप मांडीवर, तेंदूपान, तंबाखू, दोरा. चुलीवर भात आणि बोटांत विडी. वाईट वळलेली विडी मोजणीत छाट म्हणून बाजूला निघते. हजारांत मोजली जाणारी उत्पादकता त्या घराला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

‘२१ दिवसांचे चॅलेंज’ हा दुसरा लाडका तक्ता. एकवीस दिवस एक गोष्ट केली की तिची सवय जडते, असे पोरे छातीठोकपणे सांगतात. याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला साधारण किमान एकवीस दिवस लागतात, अशी त्याची नोंद होती. पुढे ‘किमान’ गळाले, रुग्णही गळाले, आकडा तेवढा उरला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय बसायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील असा तो पसारा. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे काही बिघडत नाही, हेही त्यातच आहे. लेखकाने हे फळ्यावर लिहिले, तेव्हा एका पोराने सुस्कारा सोडला. बाविसाव्या दिवशी त्याचे धावणे सुटले होते आणि तेव्हापासून तो स्वतःला नालायक समजत होता.

जुलै लागला की ही अभ्यासिका अर्धी ओस पडते. रोवणा सुरू होतो. धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले, बांधीत पाणी साचले, की लावणी तेव्हाच व्हायला हवी. पऱ्हे जुने झाले तर पीक घटते. पाणी आभाळातून येईल किंवा मालगुजारी तलावातून, आणि दोन्हींच्या वेळा आपल्या हातात नसतात. पंपावर भिस्त असेल तर वीज कधी दिवसा, कधी रात्री. तातडीचे आणि महत्त्वाचे अशी कामांची चार खणांत विभागणी करा, हा आयझेनहॉवरच्या नावाने चालणारा आणि स्टीफन कोवी यांनी १९८९ च्या पुस्तकातून घरोघर पोचवलेला सल्ला इथे आणावा, तर सगळी कामे एकाच खणात जाऊन पडतात.

रोवण्याची रीत मात्र बघण्यासारखी आहे. दहा-बारा बाया एकराचा गुत्ता घेतात. रक्कम आधी ठरते, वाटणी सारखी होते. गडी धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत फेकतात. बाया ओळीने वाकून, दोन-तीन रोपे अंगठ्याने चिखलात दाबत, मागे मागे सरकतात. अंगावर मेनकापड, वर पाऊस. लेखक ज्या बांधीच्या धुऱ्यावर उभा होता, तिथे एका म्हाताऱ्या बाईला मुद्दाम ओळीच्या मध्ये घेतले होते. तिचा हात मागे पडला की दोन्हीकडच्या दोघी तिचा भाग रोवून टाकत आणि ओळ सरळ राहत असे. कुणी किती रोपे लावली हे तिथे कुणी मोजत नव्हते. आजी थकत नाही का, असे विचारल्यावर उत्तर आले, “थकते ना जी भाऊ. मंग आमी कायले आहो?” एकट्याच्या यशाच्या पुस्तकांत या ओळीला जागा सापडत नाही.

आणि ज्याने तक्ता अक्षर न् अक्षर पाळला, त्याचे काय? राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. कोविडमुळे आणि इतर कारणांनी ती पुढे पुढे जात १४ मार्च २०२१ वर आली. ११ मार्चला, तीन दिवस आधी, तीही पुढे ढकलली. पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. त्या वर्षभराचे खोलीभाडे, मेसचे पैसे आणि वाढलेले वय यांचा हिशेब कोणत्याही पाचच्या क्लबात मांडलेला नाही.

लेखक आता मुलांना दोनच गोष्टी सांगतो. झोप पुरी घ्या. आणि नोंदी करायच्या तर ‘कालनिर्णय’च्या पाठीमागे करा. १९७३ पासून मराठी घरे दूध, गॅस आणि उधारी तिथेच टिपत आली आहेत, आणि त्या नोंदी पाहून आपण नालायक असल्याचे कुणाला वाटलेले नाही. यशाच्या कार्यशाळा भरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. लाखांदूर-साकोलीकडे यायचे असेल तर जुलैची तारीख धरू नका. रोवणा आटोपल्याशिवाय सभागृहात कुणी येणार नाही.