पत्र्यावरचे दगड

नांदेडहून लातूरला जाणारी एस.टी. लोहा सोडून पुढे निघाली, की रस्ता बालाघाटच्या माळावर चढू लागतो. झाडे विरळ होतात, वारा मोकळा सुटतो. सुटीत मी वन्संकडे किल्लारीला निघाले होते. सोबत धाकटी लेक. तिने सतावू नये म्हणून खिडकीशी बसवून सांगितले, “घरांवरचे दगड मोज.” शिरूर ताजबंद येईतो पोरगी तीनशेवर पोचली आणि कंटाळून झोपली.

नुसते दगडच नव्हेत हो! कुणाच्या पत्र्यावर फुटके जाते, कुणाकडे पाटा, कुठे ट्रकचे टायर, तर एके ठिकाणी शिवणयंत्राचे लोखंडी पाय. तुमच्याही न्हाणीवर, मागच्या पडवीवर असे काही असेलच. आमच्याकडेही होते.

हा दगडांचा विषय माझ्या डोक्यात शिरला तो २१ मार्च २०२४ ला. त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आमच्या नांदेडात मांडणीवरची भांडी खडखडली. मी चहाचे आधण ठेवत होते, तशीच बाहेर पळाले. नंतर प्रशासनाने आवाहन केले, की घराच्या पत्र्यावर आधाराला दगड ठेवले असतील तर ते काढून घ्यावेत. अगदी योग्य सांगितले. पण दगड काढल्यावर पत्रा कशाने थांबवायचा? शेजारच्या काकूंनी बिचाऱ्यांनी दगड उतरवले, आणि वैशाखातल्या पहिल्याच वादळात न्हाणीचा पत्रा उडून गल्लीत पडला. दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा वर! “भूकंप काय रोज येतो? वारं मात्र दरसाल येतं,” काकूंचे म्हणणे. मला उत्तर सुचेना.

लातूर, औसा, लामजना करीत संध्याकाळी किल्लारीला पोचलो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली.

एवढी माणसे का गेली, ते वन्संच्या सासूबाईंनी अंगणात बाजेवर बसून सांगितले. जुनी घरे माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, लाकडी तुळया, फळ्या आणि वर हातभर माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी माती टाकायची. “उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. राजाचं घर म्हणायचे माय त्याला,” त्या म्हणाल्या. “पण वरचं वझं कुणी मोजलं न्हाई.”

नंतर कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढले. उन्हात तव्यासारखे तापायचे. पुढे नव्या गावठाणात पक्की घरे मिळाली, तरी सासूबाई आजही मागच्या पत्र्याच्या खोलीतच झोपतात. “पत्रा पडला तर खरचटंल. मातीखाली दम कोंडतो.” यावर मी काय बोलणार?

त्याच रात्री वावटळ उठली. धुळीचा लोट आला, दिवे गेले. मी सवयीने पत्र्याकडे पाहू लागले, आता वाजेल, आता उचलेल. पण तो नुसता गुरगुरला. आणि सकाळी पाहते तो वर एकही दगड नाही!

हे काम वन्संच्या भाच्याचे. त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्याला चहाला बसवून मी सगळे विचारून घेतले. तो म्हणाला, “मामी, वारं पत्र्याला दाबत नाही, वर ओढतं.” छपरावरून वारा जोरात गेला की पत्रा वर खेचला जातो, आणि वळचणीखालून शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. तिथे मधोमध ठेवलेल्या चार दगडांचा काय पाड? कडा आणि कोपरे आधी उचलतात. एकदा कोपरा सुटला की दगड घरंगळतो, नेमका दारात उभ्या असलेल्या माणसावर. भूकंपात तर तो घरंगळणारच. म्हणजे ज्या ओझ्यापायी माळवद सोडले, तेच आपण हौसेने परत डोक्यावर चढवले की!

त्याने पत्रा हूकने खालच्या लोखंडी पाइपांना आवळला आहे, आणि कडेच्या ओळीत हूक जास्त जवळजवळ. भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचे, खोलगट भागात नाही. तिथे पाणी साचून गळते. हूकखाली रबरी वायसर हवाच. पत्रा भिंतीबाहेर वीतभर काढला की पुरे. सावलीच्या हौसेने हातभर लोंबवला तर वाऱ्याला धरायला आयतीच मूठ मिळते. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला दोन पत्र्यांच्या जोडाचे तोंड उघडे ठेवायचे नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक कोणती, तर पाइप भिंतीवर नुसते टेकवणे. मग पत्रा पाइपाला घट्ट राहतो, पण पाइपासकट सगळे छप्परच जाते. पाइप काँक्रीटमध्ये पुरलेल्या लोखंडी पट्टीला जोडलेला हवा. मिस्त्री हे टाळतात, कारण भिंत फोडावी लागते. आपण पैसे देताना एवढे मात्र विचारून घ्यावे.

राहता राहिली देखभाल, ती आपल्याकडेच. वादळ गेल्यावर खालून नजर टाकायची: हूकभोवती तांबूस डाग, नवी गळती किंवा वाऱ्यात खडखडाट असेल तर हूक सैल झाला समजावे. वारा सुटला असता वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. पत्रा धरायला वर कुणाला चढवू नये. उन्हाळ्यासाठी पत्र्याला चुना मारावा. आमच्याकडे तुराट्या किंवा उसाचे पाचट पसरतात, पण चुलीची ठिणगी सांभाळा बाई.

परत आल्यावर मी आधी घरमालकीणबाईंना गाठले, मग मिस्त्रीला. न्हाणी आणि पडवी मिळून एक दिवसाचे काम निघाले. वरून चौदा दगड उतरले, त्यांतला एक आमच्या सासूबाईंच्या जात्याची वरची तळी. तो मी धुऊन तुळशीपाशी ठेवला. काकू दोनदा येऊन बघून गेल्या. काल मिस्त्रीचा पत्ता मागितला.