खारा वारा आणि आमचा सायलेन्सर

वसईत बिऱ्हाड थाटलं की न बोलावता घरात शिरतो तो गंज! खिडकीचे गज, विळी, बिजागऱ्या... यंदा पाळी ह्यांच्या मोटारसायकलची. रविवारी किल्ल्याकडे निघालो, तर पाचूबंदरच्या वाटेवर ती अशी फटफटू लागली की बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीही वळून पाहू लागल्या. सायलेन्सरला खालून करंगळी जाईल एवढं भोक! १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला किल्ला अजून उभा, आणि आमचा पत्रा दहा वर्षांत गेला.

नव्याची किंमत ऐकली आणि माझ्या शिकवणीचा महिन्याचा पगार डोळ्यांसमोरून गेला. शेवटी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने आधी ठोकून पाहिलं. म्हणाला, "ताई, पत्रा टणक आहे, ठिगळ धरेल. भुसभुशीत असता तर पैसे वाया." बॅटरीची वायर सोडवून त्याने जोड मारला, वर उष्णता सोसणारा रंग. (२०२० नंतरच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा भाग बहुधा सायलेन्सरमध्येच असतो. तिथे स्वस्तातला साधा बसवू नये हो.)

मी सगळा दोष समुद्राला देत होते. पण पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं म्हणे! घर ते स्टेशन एवढ्याशा फेरीत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतूनच खातं.

म्हणून आता रविवारी लांब, थेट अर्नाळ्यापर्यंत. परतल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुणं मात्र ह्यांच्याकडे!