नारळ मिळालेला प्रशिक्षक

३१ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्स संघाने मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांना नारळ दिला, तेव्हा झालं ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटलं होतं. चौदा हंगाम संघ त्यांच्या हाती होता. २००१ ते २००४ अशी सलग चार वर्षं ईगल्स सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यापर्यंत पोचले, त्यात एकदाच आत गेले आणि तिथेही न्यू इंग्लंडकडून २४-२१ असे हरले. त्या सामन्यात जेमतेम साडेपाच मिनिटं उरली होती, दहा गुणांची पिछाडी होती, तरी ईगल्सचे खेळाडू निवांतपणे जमून प्रत्येक चाल ठरवत होते. टचडाउन झालाही, पण त्यात जवळजवळ चार मिनिटं खर्ची पडली. मोक्याच्या वेळी हा माणूस कमी पडतो, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

आज ते मत राहिलेलं नाही. पुढे कॅन्सस सिटीत त्यांनी तीन सुपर बोल जिंकले, पण मत बदललं ते त्याआधीच, त्यांची उमेदवारी समजून घेताना.

१९८२ मध्ये ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सहायक म्हणून लागले. मग सॅन फ्रान्सिस्को स्टेट. तिथे संघासाठी पैसे उभे करायला त्यांनी हॉट डॉग विकले. पुढे नॉर्दर्न ॲरिझोना, एल पासो, मिझुरी. या काळात ते मुख्यतः शिकवत होते ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून समोरच्यांना थोपवणाऱ्या पाच धिप्पाड खेळाडूंना. पाय कुठे ठेवायचा, हात कधी पुढे करायचा, हे वर्षानुवर्षं घोटून घ्यायचं. प्रेक्षक त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. १९९२ मध्ये ते ग्रीन बेला मुख्य प्रशिक्षक माइक होमग्रेन यांच्या हाताखाली गेले आणि १९९९ मध्ये थेट ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्यांनी तोवर आक्रमणाचं किंवा बचावाचं समन्वयकपदही सांभाळलं नव्हतं.

अशा माणसाला काढलं म्हणून त्याची विद्या संपत नाही, हे मला कॅन्सस सिटीने दाखवलं. काढल्यावर आठवड्याच्या आतच तो संघ त्यांच्याकडे आला. आधीच्या हंगामात दोन जिंकून चौदा हरलेला संघ! पहिल्याच वर्षी तो अकरा सामने जिंकला. मला मात्र जास्त महत्त्वाची वाटते वेगळीच गोष्ट. फिलाडेल्फियात खेळाडू निवडण्याचा अंतिम अधिकारही रीड यांच्याकडे होता. इथे ते काम जनरल मॅनेजर जॉन डॉर्सी यांच्याकडे गेलं आणि रीड पुन्हा निव्वळ प्रशिक्षक झाले. मोठ्या पदावरून आलेल्या माणसाला हे सहज जमत नाही. लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही. जानेवारी २०१४ च्या प्लेऑफमध्ये ३८-१० अशी आघाडी घेऊन त्यांचा संघ ४५-४४ असा हरला. २०१७ मध्ये तरुण क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स संघात आला, तेव्हा त्यांनी त्यालाही जवळजवळ अख्खा हंगाम ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिलं.

फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल समोर ईगल्सच असताना झाला. चौथ्या क्वार्टरमध्ये कॅन्सस सिटीचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, आतल्या बाजूला धावत निघाला, बचाव करणारे त्या हिशेबाने सरकले आणि तो गर्रकन उलटा फिरला. आसपास कुणीच नाही, टचडाउन. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने तीच युक्ती, पुन्हा टचडाउन. कॅन्सस सिटी ३८-३५ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याची सवय हेरून रचलेली ती चाल होती.

ईगल्सने त्यांना सोडलं ही चूक होती, असं मी आजही म्हणणार नाही. दोघांनाही बदल हवा होता. पण ईगल्सने आपला पहिला सुपर बोल २०१८ मध्ये जिंकला तो डग पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि पेडरसन आधी रीड यांचे क्वार्टरबॅक व नंतर त्यांचेच सहायक होते. फिलाडेल्फियाच्या त्या विजयातही अँडी रीड यांचा वाटा आहे, असं मी आता मानतो.