कीबोर्डची हजेरी

आमच्या शाळेत एक जुना सिंथेसायझर कीबोर्ड आहे. परिपाठाची प्रार्थना त्याच्यावरच होते. गेल्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधी त्याच्या आतली बॅटरी संपली आणि साठवलेले सगळे आवाज गेले. चौथीतल्या एका अबोल मुलीनं खटपट करून बनवलेला बासरीसारखा आवाजही त्यातच होता. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

सुदैवानं जुलैमध्येच मी ते आवाज मिडी केबलनं संगणकात उतरवून ठेवले होते. हे काम 'सिस्टिम एक्सक्लुझिव्ह' संदेशांनी होतं. हा संदेश म्हणजे वर्गातली हजेरीच! सुरुवात २४० या आकड्यानं. मग कंपनीचा क्रमांक: यामाहाचा ६७, रोलँडचा ६५. क्रमांक आपला नसेल तर कीबोर्ड गप्प बसतो. पुढे आवाजाची माहिती आणि शेवटी २४७.

नवी बॅटरी बसवली, फाईल परत पाठवली. काहीच होईना! बघते तर 'मेमरी प्रोटेक्ट' चालूच. ते बंद करून पुन्हा पाठवली नि बासरी वाजली. मुलगी खुदकन हसली.

मुलांनी केलेल्या कामाची एक प्रत आपल्याकडे हवीच. आणि ती परत कशी आणायची, हेही आधी एकदा करून बघावं.