नावाआधीची तीन अक्षरं

गुरुवार, 16 जानेवारी 2020, कोलकाता

ऑफिसमधून निघायच्या आधीच बातमी आली. आरपी-संजीव गोयंका समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचा 80 टक्के हिस्सा घेतला. जुन्या क्लबकडे 20 टक्के उरले. जूनपासून त्यांचा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एटीके आणि आय-लीगमधला मोहन बागान हे एकच होणार.

घरी येताना खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे, माझ्या मेशोमशायांकडे, डोकावले. वाटलं होतं, संतापलेले असतील. तसे नव्हते. म्हणाले, "पैसा लागतोच, मा. आयएसएलमध्ये जायचं तर पैसा पाहिजे, आणि तो आपल्या क्लबकडे नाही. घेऊ देत. नाव काय ठेवतात तेवढं मला सांग." मी सांगितलं, दोन्ही नावं राहणार आहेत. त्यांनी विचारलं, "पुढे कुठलं?"

ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

रविवार, 19 जानेवारी

डर्बी. सॉल्ट लेकला मेशोमशाय आणि त्यांच्या नातीबरोबर गेले होते. बागान 2, ईस्ट बंगाल 1. बेइतिया आणि बाबा दियावारा यांचे गोल. येताना बाजारातून चिंगरी घेतली; इथल्या घोटी, म्हणजे मूळच्या पश्चिम बंगालच्या, घरात जिंकल्यावर कोळंबी शिजतेच.

मी इथे या हिरव्या-मरून रंगांची झाले ती माझ्या बाबांमुळे. मुंबईत नोकरीला असताना ते कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जायचे. मोहन बागानने तो कप चौदा वेळा नेला, इतका दुसऱ्या कुणीच नाही. कोल्हापूरला परतल्यावरही ते शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेचा सामना बघता बघता मधेच कूपरेजच्या गोष्टी काढायचे. कोलकात्यात बदली झाली तेव्हा या शहरात माझ्या ओळखीचं एवढं एकच नाव होतं.

मंगळवार, 10 मार्च

कल्याणीत ऐझॉलला 1-0 हरवून मोहन बागान आय-लीग विजेते. सामने शिल्लक असतानाच. नात नाचत वर आली. मेशोमशाय मात्र म्हणत होते, "या नावाने शेवटची ट्रॉफी." मी म्हटलं, असं बोलू नका.

शुक्रवार, 10 जुलै

आज ठरलं. एटीके मोहन बागान.

जर्सी हिरवी-मरूनच राहणार, शिडाची नौकाही राहणार, आणि त्या चिन्हात आता एटीके. दिवसभर लोक समजावतायत की रंग वाचले, नौका वाचली, आणखी काय हवं? मला हे पटत नाही. 15 ऑगस्ट 1889 ला जन्मलेल्या क्लबाच्या नावाआधी 2014 साली निघालेल्या संघाची अक्षरं बसवली आहेत. 1911 च्या 29 जुलैला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 हरवलं, अकरांतले दहा जण अनवाणी खेळले, शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. तो वारसा विकत घेणाऱ्याला हवा आहे. तो नको असता तर 80 टक्के घेतलेच नसते. मग त्याच वारशाच्या पुढे उभं राहायची घाई का?

रात्री कोल्हापूरहून दादाचा फोन. त्याचं म्हणणं, निदान क्लब जगला. "पुण्याचं काय झालं आठव. गेल्या वर्षी एफसी पुणे सिटी बंद पडली, तिची जागा हैदराबादला गेली. कोण रडलं?" रडले असतील काही जण, मी म्हटलं, बालेवाडीला जाणारी पोरं होती. पण ज्या संघाला पाचच वर्षं मिळाली त्याचं नाव कुणाच्या आजोबांच्या तोंडी नव्हतं. मग मी त्याला विचारलं, उद्या कुणी भरपूर पैसे घेऊन आलं आणि आपल्या पेठेच्या शिवाजी तरुण मंडळाच्या आधी आपल्या दुसऱ्या संघाचं नाव लावतो म्हणाला, तर? दादा क्षणभरही थांबला नाही. "पेठेत पाऊल ठेवू देणार नाही."

म्हटलं, झालं तर मग.

शुक्रवार, 27 नोव्हेंबर

आयएसएलमधली पहिली डर्बी, वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना. 2-0. रॉय कृष्णा, मनवीर. मेशोमशायांनी आवाज बंद करून सामना पाहिला. समालोचक दर वाक्याला एटीके म्हणतो ते त्यांना ऐकवत नाही. गोलला मात्र दोन्ही वेळा उठून उभे राहिले.

रविवार, 28 ऑगस्ट 2022

अडीच वर्षांनी कोलकात्यात डर्बी, ड्युरँड कपची. सुमित पासीच्या स्वयंगोलवर आपण 1-0 जिंकलो. पण आज लिहायचं आहे ते घरातल्या भांडणाबद्दल.

नात आली नाही. तिने आणि तिच्या कॉलेजमधल्या मुलांनी ठरवलंय, नावातून ती तीन अक्षरं जाईपर्यंत तिकीट काढायचं नाही. 'रिमूव्ह एटीके' लिहिलेला कापडी फलक तिच्या खोलीत घडी करून ठेवलेला असतो. मोर्चाला निघताना तोच सोबत नेते. तिचं म्हणणं सरळ आहे: मालकाला तिकिटाचे पैसे कळतात, घोषणा कळत नाहीत. आजोबांचं म्हणणंही सरळ आहे: गॅलरी रिकामी ठेवलीत तर उद्या तेच विचारतील, कुठे आहेत तुमचे ते लाखो समर्थक? "मी आत जाणार आणि आत बसून ओरडणार," ते म्हणाले. "घर माझं आहे. पाटी चुकीची लावली म्हणून मी फुटपाथवर झोपू?"

दोघं दुपारी एकमेकांशी बोलत नव्हती. मी आजोबांबरोबर गेले. आमच्या रांगेत गोल झाल्यावर "जॉय मोहनबागान" असाच जयघोष झाला, एटीके एकाच्याही तोंडून आलं नाही. घोषणा त्या तीन अक्षरांना वगळून इतक्या सहज पुढे जात होत्या की मला भरून आलं. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

रविवार, 13 नोव्हेंबर

ऑफिसातला एक वरिष्ठ परवा वाद घालत होता. 1998 पासून इतकी वर्षं तुमचा क्लब मॅकडॉवेल मोहन बागान होता. ईस्ट बंगालच्या आधी किंगफिशर होतं. तेव्हा दारूचं नाव चाललं, आता एटीके चालत नाही?

उत्तर द्यायला दोन दिवस लागले, पण आज मेशोमशायांशी बोलताना नीट सुचलं. प्रायोजकाचं नाव भाड्याने आलेलं असतं. करार संपला की ते उतरतं, हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. दारूच्या ब्रँडने कधी अंतिम सामना जिंकलेला नसतो, त्याचे स्वतःचे चाहते गॅलरीत बसलेले नसतात. एटीके हा खेळणारा संघ होता. लाल-पांढरा, याच सॉल्ट लेकवर खेळणारा, तीन आयएसएल जिंकलेला. त्याचं नाव पुढे लावलं की मोहन बागान त्याची पुढची पायरी ठरते.

आणि मला त्या लाल-पांढऱ्यांचंही वाईट वाटतं, जे आमच्या गल्लीत कुणी बोलत नाही. ऑफिसात नवा आलेला एक मुलगा एटीकेचा. 2014 मध्ये शाळेत होता. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामन्याच्या अगदी शेवटी मोहम्मद रफीकने केरळविरुद्ध हेडर मारला, ती रात्र तो अजून सांगतो. त्याचा संघही गेलाच. जर्सी गेली, रंग गेले, आणि उरलेल्या तीन अक्षरांना सगळं शहर शिव्या देतंय. विलीनीकरण करताना दोन्हीकडच्या गॅलरीतल्या माणसाला कुणीच विचारलं नाही. मोहन बागानच्या सदस्यांना निवडणुकीत मत तरी आहे; तिकीट काढून येणाऱ्याला तेही नाही. 80 मध्ये तो नाही आणि 20 मध्येही नाही.

नातीने इंग्लंडमधल्या हलचं उदाहरण दिलं. तिथल्या मालकाला 2013 मध्ये हल सिटीचं हल टायगर्स करायचं होतं. समर्थक उभे राहिले, आणि 2014 च्या एप्रिलमध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेने तो बदल नाकारला. तिथे नावाला संघटनेची परवानगी लागते आणि संघटनेने नाही म्हटलं. ती विचारत होती, आपल्याकडे असं नाही म्हणणारं कोण आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं तेच तिचं खरं दुखणं आहे, नाव हा त्याचा एक भाग.

शनिवार, 18 मार्च 2023

फातोर्डा, गोवा. आयएसएलचा अंतिम सामना, घरी टीव्हीवर; समोर बंगळुरू. पेट्राटोसची दोन पेनल्टी, छेत्रीची एक, आता बंगळुरूकडे असलेल्या रॉय कृष्णाचा एक, 2-2. शूटआउटमध्ये विशाल कैथने ब्रुनो रामिरेसची किक अडवली, पाब्लो पेरेझची बारवरून गेली. 4-3. आम्ही विजेते.

आणि मग संजीव गोयंका बोलायला उभे राहिले: पुढच्या हंगामापासून संघ मोहन बागान सुपर जायंट्स.

खालून आलेला आवाज गोलच्या आवाजापेक्षा मोठा होता. मी धावत खाली गेले. मेशोमशाय खुर्चीत बसून रडत होते आणि नात, जिने या हंगामभर एकही तिकीट काढलं नाही, त्यांच्या पायाशी बसून रडत होती. रस्त्यावर स्कूटर, झेंडे, शंख. जे मोर्चात होते ते आणि जे गॅलरीत होते ते, कोण कुठला ते आज कुणी विचारत नव्हतं. हे मालकाने दिलं असं उद्या म्हटलं जाईल. तीन वर्षं लढून हे घेतलं गेलंय, या मुलांनी घेतलंय, हे मी आज इथे लिहून ठेवते.

गुरुवार, 1 जून

आजपासून कागदोपत्री मोहन बागान सुपर जायंट, अनेकवचनातला शेवटचा स गळून. लखनौच्या क्रिकेट संघाच्या नावातही सुपर जायंट्स आहे, मालक तेच.

मेशोमशायांचं समाधान झालंय. "आता मोहन बागान आधी आहे. मागे काय लावायचं ते लावू देत." नात ऐकायला तयार नाही. तिने फलकाचं कापड टाकलेलं नाही. म्हणते, पुढे लावलेलं गेलं, आता मागचंही गेलं पाहिजे. ते थकलेत आणि त्यांना आयुष्यात एकदा तरी हे नाव पहिलं असलेलं पुन्हा पाहायचं होतं, ते मला समजतं. पण मी नातीच्या बाजूची आहे, आणि आज दोघांसमोर तसं सांगितलं. ऑगस्टपासून ती तिकीट काढणार आहे. तिघांची एकदम काढू, असं ठरलं.